तपासणीचा दिवस

३ मार्च, सोमवार

नऊ महिन्यांनी आज कामावर गेले. ही वही मुद्दाम आजच उघडतेय, कारण जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

मी लॅबमध्ये शिरले तर मालक चक्क उठून उभे राहिले. टकळीने मला मिठी मारली आणि रडूनच घेतलं. ही माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. अकरा वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली कवळ्या करायला शिकली. तोंडाची टकळी तेव्हापासून बंद झालेली नाही म्हणून हे नाव, आणि तिलाही ते आवडतं. नऊ महिने माझं काम तिने ओढलं. शिवाय माझं टेबल रोज पुसायची म्हणे. खिडकीजवळचं पहिलं टेबल. बावीस वर्षं मी तिथे बसले. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, त्यावरून साचा ओतायचा, मेणात एकेक दात लावायचा, मग पक्की कवळी करून घासायची. पूर्वी सकाळी पोळ्या लाटतानाच हात शिवशिवायचे, कधी एकदा टेबलावर जाऊन बसते असं व्हायचं.

आज बसले, दिवा लावला, साचा समोर ओढला. मनात आलं, कुणाचे तरी दात. मला काय करायचंय?

बस, एवढंच. दुसरं काही वाटलंच नाही. बाहेर सगळे माझ्यासाठी हसत होते आणि मी आत दगडासारखी.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"माहेरी गेल्यासारखं," म्हटलं. ह्यांना इतकं बरं वाटलं की मला त्यांच्याकडे बघवेना.

५ मार्च, बुधवार

खालचे सहा दात मेणात लावायला अख्खा दिवस गेला. पूर्वी तासाभराचं काम. केमोनंतर बोटांच्या टोकांना मोजे घातल्यासारखं वाटतं. गरम-गार कळतं, पण बारीक काही कळत नाही. गेल्या महिन्यात दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "हाताला मुंग्या, बधिरपणा वगैरे?" मी ताडकन म्हणाले, "छे, मुळीच नाही." ते लिहून मोकळे झाले. का बोलले तसं? कॅन्सर गेला म्हणून सांगत होते ना ते. एवढं मोठं दान पदरात पडलं असताना वर बोटांची तक्रार कुठे करायची?

७ मार्च, शुक्रवार

टकळी दिवसभर बोलत होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, आई घाबरलीय, तारीख ही, डॉक्टर तो. मी "हं, हं" करत होते. खरं सांगायचं तर अर्धं ऐकलंच नाही. आजारी माणसाला सगळं माफ असतं, हे मला आता पाठ झालंय.

११ मार्च, मंगळवार

जरा चांगली बातमी. हात परत येतायत बहुतेक. काल संध्याकाळी मी ठेवून गेले तेव्हा ती वरची कवळी ओबडधोबड वाटत होती, एक दात तर चक्क तिरका. आज सकाळी पाहिलं तर अगदी ठाकठीक. थकलेल्या डोळ्यांना सगळंच वाकडं दिसतं, दुसरं काय.

टकळी हल्ली माझ्या आधी येते. कधी नव्हे ते. मी पोचले तेव्हा माझा दिवा गरम होता. म्हणाली, "तुझ्यासाठी लावून ठेवला, ताई." किती करते ती माझं!

१३ मार्च, गुरुवार

आज एक गोष्ट केली.

सकाळी डबा घेतला, ह्यांना "येते" म्हटलं, बसस्टॉपवर उभी राहिले. बस आली आणि पाय उचलेना. पोटात कळ आली असती किंवा चक्कर आली असती तर बरं झालं असतं. काही नव्हतं. ठणठणीत होते. मालकांना फोन केला, "आज तपासणी आहे दवाखान्यात, सांगायचं राहिलं." ते म्हणाले, "अहो बाई, विचारताय काय, जा. कामाची काळजी करू नका."

मग चालत चालत मोठ्या फर्निचरच्या दुकानात शिरले. तिथे मांडून ठेवलेल्या खोट्या खोल्या असतात ना, पलंग, दिवा, कपाटात पुठ्ठ्याची पुस्तकं, त्यातल्या एका सोफ्यावर बसले. विक्रेता आला, "घर नवीन का, मॅडम?" मी म्हटलं, "हो." खोल्या किती, खिडकी कुठे, सगळं रचून सांगितलं. त्याने बिचाऱ्याने कागदावर नकाशा काढला. पडदे कुठल्या रंगाचे शोभतील त्यावर आम्ही पाऊण तास बोललो. पडद्यांबद्दल मला जेवढी आस्था वाटली तेवढी बावीस वर्षांच्या कामाबद्दल ह्या दहा दिवसांत एकदाही वाटली नाही.

डबा बागेतल्या बाकावर खाल्ला. साडेपाचला घरी.

हे विचारत होते, "दुपारी काय खाल्लंस?" विचित्रच प्रश्न. डबा ह्यांनीच भरला होता. म्हटलं, "डबा." म्हणाले, "कुठे बसून?" मी म्हटलं, "कुठे म्हणजे, लॅबमध्ये." ते "बरं" म्हणाले आणि धुतलेले कप पुन्हा पुसायला लागले.

१४ मार्च, शुक्रवार

टकळीने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" "सगळं चांगलं आहे," म्हटलं. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. मी ते सोडवून घेतले, प्लास्टर कालवायचंय म्हणून.

सकाळी हे म्हणत होते, लॅबपर्यंत सोडायला येऊ का? निवृत्त झाल्यापासून ह्यांचा वेळ जात नाही. नको म्हटलं.

१९ मार्च, बुधवार

एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची खालची कवळी आज पूर्ण केली. आठ दिवस लांबली होती, माझ्यामुळेच. त्यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचे दोन फोन येऊन गेले. शेवटी आतून बोट फिरवायचं असतं. कवळीची आतली बाजू हिरडीवर बसते, तिथे केसाएवढं कुसळ राहिलं तरी माणूस हैराण होतो. ह्या बोटासाठी मी प्रसिद्ध होते. मालक नव्या लोकांना सांगायचे, मशिन चुकेल, बाईंचं बोट चुकणार नाही. फिरवलं. गुळगुळीत. पाठवायच्या खोक्यात ठेवली आणि निघाले.

२० मार्च, गुरुवार

पुन्हा केलं. पुन्हा "तपासणी". ह्या वेळी बसस्टॉपवरही गेले नाही. कोपऱ्यावरूनच फोन केला. मालक "आजच का?" म्हणाले, मग लगेच, "नाही नाही, जा तुम्ही. बघतो आम्ही."

फर्निचरच्या दुकानात जायची लाज वाटली. तो विक्रेता नकाशा घेऊन यायचा. सार्वजनिक वाचनालयात एकच पान घेऊन बसून राहिले. समोरचा म्हातारा पेपर वाचता वाचता माझ्याकडे बघत होता. त्याला काय कळणार म्हणा.

२१ मार्च, शुक्रवार

टकळी आज गप्प. सकाळपासून तीन वाक्यं. मी विचारलं, "बरं नाही का?" "झोप नाही झाली." बस. तिच्याशिवाय खोलीत मशिनांचा केवढा आवाज असतो ते आज कळलं.

मला वाटतं तिला आता माझा कंटाळा आला असावा. येणारच. आजारी माणसाचा किती दिवस उमाळा टिकणार?

३१ मार्च, सोमवार

सगळं लिहून काढते. नाहीतर उद्या मीच ते गोड करून घेईन.

अकराच्या सुमाराला मालकांनी मला बोलावलं. टकळीलाही. टेबलावर मुख्याध्यापिकाबाईंची कवळी होती. डॉक्टरीणबाईंनी परत पाठवली होती. बाईंच्या हिरडीला जखम झालीय. दहा दिवस त्यांनी ती तशीच घातली. आठवडाभर नुसतं पातळ पिऊन राहिल्या. शेजारणीने जबरदस्तीने दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं.

"दहा दिवस बोलल्या का नाहीत?" मी विचारलं.

मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "काम लांबलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं, लॅबमधल्या बाई मोठ्या आजारातून उठल्यात, जरा सांभाळून घ्या. तर त्या म्हणाल्या, आजारी बाईने केलंय, तिला कशाला त्रास द्यायचा, होईल सवय."

कवळी माझ्या हातात दिली. "आतून बघा."

बोट फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं. दाबून फिरवलं. मालकांनी कापसाचा बोळा घेतला आणि हलकेच आतून फिरवला. डाव्या बाजूला कापूस अडकला. पांढरे धागे तिथे लोंबत राहिले. आम्ही तिघंही त्या धाग्यांकडे बघत होतो.

मग ते टकळीला म्हणाले, "माझं ठरलं होतं ना तुझ्याशी? बाईंचं एकही काम तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जायचं नाही म्हणून?"

मला आधी अर्थच कळला नाही. आणि मग सगळाच कळला. गरम दिवा. सरळ झालेला तिरका दात. रोज सकाळी माझ्या आधी येणारी टकळी. महिनाभर माझी कामं ती दुरुस्त करत होती आणि मी वहीत लिहीत होते, हात परत येतायत.

टकळी म्हणाली, "वीस तारखेला गेली ती. त्या दिवशी मी एकटी होते. दोघींचं काम होतं. नाही बघितली."

"एकटी का होतीस? तुझी तर त्या दिवशी रजा..." मालक बोलता बोलता थांबले. त्यांना आठवलं.

मलाही आठवलं. वीस तारीख. आईचं डोळ्याचं ऑपरेशन. तिने मला सांगितली होती ती तारीख, एकदा नव्हे, चारदा सांगितली असेल.

टकळी इतकंच म्हणाली, "ताईची तपासणी होती. माझी रजा मी रद्द केली. आईला शेजारच्या काकूंनी नेलं."

मी तिथे उभी होते. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि काय म्हणाले? "मला जरा गरगरतंय." मालकांनी खुर्ची दिली, टकळीने पाणी आणून दिलं. मी ते प्यायले.

१ एप्रिल, मंगळवार

लिहवत नाही. ते पाणी मी प्यायले.

२ एप्रिल, बुधवार

आज सांगितलं. दुपारी मालक बाहेर गेले तेव्हा. टकळी मशिनवर कवळी घासत होती. मी म्हटलं, "मशिन बंद कर जरा." तिने केलं.

"वीस तारखेला माझी तपासणी नव्हती. तेरालाही नव्हती. मी खोटं बोलले."

तिने चष्मा काढला. धुळीने तिचं तोंड पांढरं झालं होतं, डोळ्यांभोवती तेवढे दोन गोल. एरवी मी हसले असते.

"मग कुठे होतीस?"

"वाचनालयात."

"वाचनालयात?"

"त्याच्या आधी फर्निचरच्या दुकानात."

"काय घ्यायचं होतं?"

"काही नाही. बसले होते."

तिने हातातली कवळी खाली ठेवली. मग बोलायला लागली आणि मग थांबली नाही. "माझी आई ऑपरेशनच्या टेबलावर माझं नाव घेत होती, ताई. काकूंनी सांगितलं मला. ती विचारत होती, आली का, आली का. आणि मी इथे तुझे दात लावत होते. तेरा तारखेला मी तुझ्या घरी फोन केला होता, रिपोर्टचं विचारायला. मला राहवेना म्हणून! भावोजी म्हणाले, हो हो, सगळं छान आलंय. ते पण खोटं?"

मी म्हटलं, "त्यांना माहीतच नव्हतं काही."

"त्यांना माहीत नव्हतं? मग त्यांनी तुला पाठीशी घातलं, बघ. सगळे तुला पाठीशी घालतायत. तू एकदा म्हणाली असतीस ना, की जीव नाही लागत, होत नाहीये, तर मी म्हटलं असतं बस घरी महिनाभर. आजाराचं नाव का घेतलंस? त्या नावाला मी नऊ महिने घाबरत होते!"

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. चष्मा घातला आणि मशिन चालू केलं.

४ एप्रिल, शुक्रवार

नवीन माप द्यायला मुख्याध्यापिकाबाई आज दवाखान्यात येणार होत्या. मी मालकांना म्हटलं, मी जाते. बावीस वर्षांत मी एकाही तोंडात माझं काम पाहिलेलं नाही. आमच्याकडे नुसतं प्लास्टर येतं.

लहानखुऱ्या, ताठ बसलेल्या बाई. गाल आत गेलेले. डॉक्टरीणबाईंनी ओठ बाजूला करून मला जखम दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी, कडा पांढऱ्या. मी सांगितलं, "ही कवळी मी केली होती. माझ्या बोटांना कळत नाही, ते मी लपवलं. दुसरं कुणी तपासणार होतं, तेही माझ्याचमुळे राहिलं."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, असू दे हो, तुम्ही किती सोसलंत. हल्ली सगळे तेच म्हणतात. त्या बोळक्या तोंडाने, पण एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "मी गप्प बसले ही माझी चूक. आजारी म्हणून मी कुणाला मार्क वाढवून दिले नव्हते कधी. तुम्हाला का दिले कुणास ठाऊक." मग म्हणाल्या, "फार दुखलं मला. हे तुम्हाला माहीत असायला हवं."

"हो," म्हटलं.

"आता नवी कोण करणार?"

"माझी सहकारी. माझ्यापेक्षा चांगली करते."

"मग ठीक आहे."

बाहेर येऊन जिन्यात रडले. पण टकळी सोडली तर वर्षभरात कुणी मला रागावलं नव्हतं, त्यामुळे असेल, चालताना पाठ सरळ होती.

६ एप्रिल, रविवार

ह्यांना सांगितलं. भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "मला ठाऊक होतं. तिचा फोन आला तेव्हाच."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं की. कुठे बसून खाल्लंस म्हणून."

"तसं नाही हो. सरळ."

देठ काढत राहिले. "मला वाटलं, सरळ विचारलं आणि तू रडलीस तर? नऊ महिने तुला एकदाही रडू दिलं नाही मी. भीती वाटायची, सुरू झालीस तर थांबायची नाहीस."

मला वाटायचं, मीच ह्यांना फसवतेय. दोघंही एकमेकांना फसवत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं आपण फार समजूतदार आहोत.

७ एप्रिल, सोमवार

मालकांना सगळं सांगितलं. बोटांचं, तपासण्यांचं, आणि कामात जीव लागत नाही तेही. शेवटचं सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटली. खोटं तर काय, कुणीही बोलतं. पण जगून वाचून परत आले आणि जे आवडायचं तेच आवडेनासं झालं, हे म्हणजे मिळालेलं ताट ढकलून दिल्यासारखं.

ते म्हणाले, "परत यायची घाई मीच केली. रिकामं टेबल मला बघवत नव्हतं." मग स्पष्ट बोलले. बारीक काम आता माझ्याकडे नाही. साचे ओतायचे, कापायचे, आठवड्याचे तीन दिवस. पहिलं टेबल टकळीचं. "तुम्हाला चालेल का?" मी हो म्हटलं. चालत नाही. पण हो म्हटलं ते खरं होतं.

९ एप्रिल, बुधवार

खरी तपासणी. हे बरोबर होते. मोठ्या डॉक्टरांना बोटांचं सांगितलं. ते म्हणाले, कमी होईल, कदाचित थोडं राहील, आधी सांगायला हवं होतं. थकव्याचं आणि मन न लागण्याचं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू माझ्याआधी दहा जणांनी हेच सांगितलं होतं. एका समुपदेशक बाईंचं नाव लिहून दिलं. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. ह्यांनी ती काढून स्वतःच्या खिशात ठेवली. म्हणाले, "तू हरवशील."

१४ एप्रिल, सोमवार

माझी हत्यारं मागच्या टेबलावर नेली. टकळी म्हणाली, "मी मदत करते." नको म्हटलं. दोन खेपा झाल्या. बारा पावलांचं अंतर, पण मालकांच्या समोरून जावं लागतं. त्यांनी फोनवर बोलायचं सोंग केलं.

टकळी बोलते, पण कामापुरतं. आईचा डोळा कसा आहे विचारलं. "दिसतं आता," म्हणाली. पुढे काही नाही. पूर्वी ह्या प्रश्नावर अर्धा तास गेला असता. मला घाई करायचा हक्क नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

मुख्याध्यापिकाबाईंची कवळी गेली. टकळीने केली, मालकांनी कापूस फिरवला. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन: बसली. बाईंनी तिथेच चार ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या म्हणे, "स" नीट येतो का बघायला. टकळीने मुठी वळून वर केल्या. मी मागून ते पाहिलं. आनंद झाला का मला? खरं लिहायचं तर थोडासा. त्यातही निम्मा मत्सर होता.

२३ एप्रिल, बुधवार

आज सहा साचे ओतले. प्लास्टर कालवायला मला आवडतं असं नाही, पण नकोही वाटत नाही. हात पांढरे होतात, मग सुकतात, मग धुवायचे. चार वाजता दमले तर मालकांना सांगितलं, दमले, आणि खुर्चीत बसले. कुणाला काही वाटलं नाही.

निघायच्या आधी टकळी माझा एक साचा हातात घेऊन मागे आली. मला वाटलं, ठेवून घेईल. उद्या सकाळी लवकर येऊन नीट करेल आणि बोलणार नाही. तिने तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"ताई, ह्याचं बूड फार पातळ कापलंयस. दाबला की तुटेल."

मी उलटा करून पाहिला. खरंच होतं.

"परत कर," ती म्हणाली.

मी अ‍ॅप्रन पुन्हा बांधला. ती गेली नाही, शेजारच्या स्टुलावर बसली आणि आईने डोळ्यावरची पट्टी काढल्या काढल्या घरातली कोळिष्टकं कशी मोजून दाखवली ते सांगायला लागली. मी प्लास्टर कालवलं, आणि ह्या वेळी सगळं ऐकलं.